बिनपोटाचा लॅपटॉप

आमच्या शेजारच्या बापूंनी माझा लॅपटॉप कट्ट्यावर उघडला, बटणांच्या ओळींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दात बारीक हायत, पर झिजल्यालं न्हाईत. तरणं दिसतंय जित्राब."

मग त्यांनी तो मिटून पालथा केला, पोटावर थाप मारली आणि कान लावला.

"आत काय वाजंना."

"वाजायला आत काही नाहीच, बापू," मी म्हणालो, आणि तिथंच चुकलो.

बापू म्हणजे हेडी. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जमवून देणारा माणूस. मुरगूडचा बाजार म्हणू नका, सीमेपलीकडचे बाजार म्हणू नका, उभा जन्म म्हशींच्या मागं गेला. गुडघ्यांनी दगा दिला तसा बाजार सुटला. नजर मात्र अजून बाजारातच आहे. गल्लीत कुणी काही घ्यायचं म्हटलं की बापूंना बोलावणं जातं, आणि नाही गेलं तरी बापू येतात. "धार बघून बोलू," हा त्यांचा निकाल. फ्रिज असो, उमेदवार असो, धार बघून बोलू.

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा बापूंनी नवऱ्यामुलाला "जरा पान घिऊन या की, पावणं" म्हणून कोपऱ्यावर पिटाळलं आणि दारात उभं राहून त्याची चाल बघितली. आत येऊन माझ्या वडिलांच्या कानात म्हणाले, "मागचा उजवा वढतोय." घरात सुतक पडल्यासारखं झालं. शेवटी कळलं, मुलानं थोरल्या भावाचे बूट घातले होते. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय. तरी बापू अजून त्याच्या उजव्या पायाकडे बघतात.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणीही न विचारता सांगतो आणि सांगत राहणार. पदवी फ्रेम करून आणली तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. बापूंनी पेढा खाल्ला, फ्रेम उजेडाला धरली आणि विचारलं, "झ्याक हाय. दोन टायमाचं मिळून किती देती?" पतसंस्थेत चिकटेपर्यंत रोज सकाळी कट्ट्यावरून हाक यायची, "काय रं गर्जुएट, आटली काय?"

तर लॅपटॉप. तो हवा होता बापूंच्या सुनेला, सविताला. चंदगडकडची पोर. बारावी झाली आणि लग्न झालं. नवरा पुण्यात कंपनीत आहे. सासू वारली, म्हाताऱ्याला एकटं कसं टाकायचं म्हणून ही इथंच राहिली. आता तिनं घरबसल्या पदवीला नाव घातलं होतं. शिकवणी नेटवर, स्वाध्याय नेटवर, आणि पुढच्या सोमवारी वर्ग सुरू. मोबाईलवर लिहून लिहून तिचे डोळे लाल व्हायचे. लॅपटॉप नसेल तर वर्ष जाणार, हे सरळ होतं.

आणखी एक गोष्ट तिनं मला एकट्याला सांगितली होती. "भावजी, पास झाले की ह्यांच्या कंपनीत ऑफिसात चिकटवतो म्हणाल्यात. मग जावं लागणार तिकडं. मामांना कसं सांगू, कळंना झालंय." मामा म्हणजे सासरे. मी म्हणालो, आधी लॅपटॉप तर येऊ दे.

दोन पर्याय होते. एक, माझ्याकडे आहे तसला. स्वस्त, झटकन चालू होणारा, पण सगळं काम इंटरनेटवर करणारा. दुसरा, कुणीतरी वापरून विकायला काढलेला, मोठा, जाड, सगळं स्वतःच्या आत साठवणारा. तिच्या अभ्यासाला पहिला पुरेसा होता. पण बापूंना तो 'आत काही नाही' वाला पटेना.

"मग लिवल्यालं जातंय कुठं?"

"लांब मोठ्या मशीनवर साठतं, बापू."

"मंजे म्हस हितं आन् दूध तिथं."

"मामा," सविता आतून म्हणाली, "आपल्या म्हशीचं तरी दूध कुठं घरात ऱ्हातंय? डेअरीतच जातंय की."

बापूंनी तंबाखू मळली. ते हरले की तंबाखू मळतात.

मग परीक्षा ठरली. माझा लॅपटॉप एक दिवस बापूंकडे. बाजारात लबाड विकणारा आदल्या दिवशी म्हशीची धार काढत नाही. कास टम्म दिसते आणि घेणारा फसतो. याला तुंबवणं म्हणतात. मी चार्जिंग भरून लॅपटॉप नेला, तर बापूंनी पडद्याच्या कोपऱ्यातली भरलेली बॅटरी बघितली आणि म्हणाले, "तुंबवून आणलास व्हय रं? मला?"

त्यांनी चार्जर काढून स्वतःच्या बंडीच्या खिशात घातला. सकाळपासून लॅपटॉप चालू ठेवला आणि समोर राखणीला बसले. दुपारची झोप नाही, गप्पा नाहीत. सविता त्यावर नमुन्याचं व्याख्यान ऐकत होती, तेही बापूंनी सगळं ऐकलं. संध्याकाळी मी गेलो तर लॅपटॉप टक्क जागा आणि बापू पेंगुळलेले.

"वैरण कमी खातंय," त्यांनी कबूल केलं. "तापत न्हाय. फुरफुरत बी न्हाय."

एवढ्यात रस्ता खणणाऱ्या मशीननं गल्लीतली नेटची वायर तोडली. व्याख्यान देणारे सर तोंड उघडं टाकून थांबले.

"लाथ मारली बघ," बापू म्हणाले. एकदम ताजेतवाने झाले. "जाडा घ्यायचा. पोट हाय त्याला."

"अहो, जाड्यावर तरी व्याख्यान नेटशिवाय कुठनं येणार? आणि तो पडला, फुटला तर आतलं सगळं गेलं. हा फुटला तरी दुसऱ्या मशीनवर नाव टाकायचं, सगळं परत."

"म्हस मेली तरी दूध ऱ्हातंय?"

"राहतं."

बापूंनी पुन्हा तंबाखू मळली. "धार बघून बोलू," म्हणाले. शनिवार उजाडला तरी बोलणं काही झालं नाही. सविता माझ्याकडे कुंपणावरून नुसती बघायची. शेवटी मीच चिडून बापूंना गाडीवर घातलं आणि अस्लमभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. तो वापरलेला लॅपटॉपही त्यांच्याकडेच विकायला होता.

अस्लमभाईंनी दोन्ही काचेवर मांडले. बापूंनी दोघांचे दात बघितले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून अस्लमभाईंच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. बाजारात भाव असा ठरतो. तोंडानं कुणी बोलत नाही. मला वाटलं, आता गोंधळ होणार. पण अस्लमभाईंनी डोळे मिटले आणि टॉवेल खालून हलायला लागला.

"आमचे अब्बा बकऱ्यांच्या बाजारात होते," ते मला म्हणाले. "बापू, दोन बोटं सोडा. लई दाबलंसा."

टॉवेलाखाली बराच वेळ झटापट झाली. कुठल्या लॅपटॉपची, ते मला कळलं नाही. मी धरून चाललो होतो की जाड्याची.

मग बापूंनी आधी जाडा पिशवीत घातला आणि खांद्याला अडकवून उभे राहिले. हात वर करून, काहीतरी धरल्यासारखे. थोडे डुलले. पिशवी रिकामी करून त्यात स्वस्तातला घातला आणि पुन्हा तसेच हात वर करून डुलले. अस्लमभाई माझ्याकडे बघायला लागले.

"ह्यो बांधा," बापू म्हणाले.

"बापू, याला पोट नाही म्हणत होता की."

"नसू दे. पोरीला एस्टीत जागा मिळंल न मिळंल. पुण्यापातूर उभी ऱ्हायली तर खांद्याला जड नगं."

मी हळूच विचारलं, "तिनं सांगितलं तुम्हाला?"

"न्हाय. सांगंल तिच्या सवडीनं. तू बी काय बोलू नगंस." त्यांनी टॉवेल झटकला. "दावं सोडायच्या आदी जित्राब कुठल्या वाटंकडं बघतंय, हे मला कळत न्हाय व्हय? मग पोरीचं कळायचं न्हाय व्हय?"

"मग हे इतके दिवस वजनं-मापं कशाला चालली होती?"

"तेवढंच चार दीस लांबलं," बापू म्हणाले.

गाडीवर ते मागं बसले, पिशवी मांडीवर घेऊन. रंकाळ्याच्या वळणावर माझ्या पाठीवर बोट टोचलं.

"तिकडनं ती ह्याच्यावर बोलली, तर तुझ्या मशीनवर तोंड दिसंल न्हवं तिचं?"

"दिसेल की."

"कवा बी?"

"नेट असलं की कधीही."

गल्लीच्या तोंडाशी, रस्ता खणून ठेवला होता तिथं, बापूंनी मला गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, पिशवी छातीशी धरली आणि खड्ड्यात वाकून बघायला लागले, वायर जोडली की नाही ते.