होडीत जागा

कंपनीतून फोन आला तेव्हा जितेश टीव्हीसमोर मांडी घालून आईच्या अस्थी होडीतून नदीपार नेत होता. आई पडद्यावरची, अस्थीही पडद्यावरच्या. डोळ्यांतलं पाणी मात्र त्याचं स्वतःचं होतं.

"रडून झालं असंल तर भाजी आणा," त्याची बायको नूतन स्वयंपाकघरातून म्हणाली.

हा गेम एकट्यानेच खेळायचा होता आणि जितेशच्या मते त्याचं मोठेपण तिथेच होतं. "यात गोळ्या घालून पॉइंट मिळत नाय," तो नूतनला समजावून सांगे. "यात ठरवायला लागतं. दुसरं कुणी मधी बोलायला येत नाय, आणि एकदा ठरवलं की झालं. ज्यानं हे लिहिलंय ना, त्याला माणूस कळलाय."

"मग त्यालाच आणू या ना आपल्या घरी राहायला," नूतन म्हणे.

गेममध्ये दोन भाऊ होते. थोरला आजारी आईपाशी राहतो. धाकटा निघून जातो आणि आई गेल्यावर उगवतो. जितेशला ही गोष्ट कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचा धाकटा भाऊ अक्षय जोहे गावी गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात होता. दोन वर्षांपूर्वी आई, विमलबाई, रोह्याच्या दवाखान्यात वारली ती ऐन गणेशचतुर्थीच्या तोंडावर. अक्षयच्या हाताखालच्या मूर्तींचे डोळे आखायचे राहिले होते. ते आखून तो आला, तेव्हा चिता पेटलेली होती. जितेशने त्याला दारातून परत पाठवलं. त्यांचे वडील, आबा, तेव्हा काही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत.

फोन धाटावच्या कंपनीतून होता. दुपारच्या शिफ्टचा ऑपरेटर आला नव्हता, त्याच्या जागी जितेशला जायचं होतं. नेमका त्याच क्षणी पडद्यावरचा धाकटा किनाऱ्याकडे धावत येताना दिसला. याच प्रसंगासाठी जितेश कित्येक महिने खेळत होता. त्याने खेळ थांबवला.

"आबा, हे असंच राहू दे. बंद केलं तर अख्खा धडा परत खेळायला लागंल. हात लावू नका."

"बरं," आबा म्हणाले.

आबा त्याच कंपनीतून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले होते. चालू युनिट सोडून माणूस उठत नाही, हा त्यांचा नियम. घरात कुकर लावला तरी शिट्ट्या पुऱ्या होईपर्यंत ते ओट्यापाशी उभे राहत. त्यामुळे जितेशची बाइक वळणाआड जाताच त्यांनी खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि गेमचा रिमोट मांडीवर घेतला.

थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला.

"ट्रिप झालं," आबा म्हणाले. प्लांटमधलं युनिट अचानक बंद पडलं की ते हेच म्हणत.

"झोपलं असंल ते. हात लावू नका, सांगून गेलेत," पायात चपला सरकवत नूतन म्हणाली आणि भाजीला गेली.

ट्रिप झालेलं युनिट तसंच ठेवणं आबांना जमणारं नव्हतं. त्यांनी एक बटण दाबलं. पडदा उजळला आणि नदी वाहू लागली. धाकटा कमरेइतक्या पाण्यात उतरून हाका मारू लागला. खाली दोन पर्याय आले : हात द्या, दोर सोडा. कोणत्या पर्यायाला कोणतं बटण, हे आबांना कळेना. तेवढ्यात होडीत पाणी शिरू लागलं.

टाकीतली लेव्हल चढताना ऑपरेटरने नुसतं बघत बसायचं म्हणजे गुन्हाच. आबांनी जितेशला फोन लावला. मग पुन्हा लावला. प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाहीत. जितेशचा फोन गेटवरच्या लॉकरमध्ये एकटाच वाजत राहिला.

इकडे गैरहजर ऑपरेटर उशिरा का होईना उगवला आणि जितेश सुटला. गेटवर फोन हातात घेतो तो आबांच्या मिस्ड कॉलची रांग. त्याने लावला तर आबांचा फोन एंगेज. पुन्हा एंगेज.  त्याने नूतनला फोन केला.

"आबांना कायतरी झालंय! लगेच डॉक्टरला बोलव!"

नूतन भाजीवालीकडे पिशवी टाकून धावली. दवाखान्यात जेवणाचा डबा उघडून बसलेल्या डॉक्टरना तिने हात धुवायलाही वेळ दिला नाही.

जितेश घरात शिरला तेव्हा आबांच्या दंडाला पट्टा बांधलेला होता आणि मांडीवर रिमोट होता.

"काय झालं यांना?"

"प्रेशर वाढलंय थोडं," डॉक्टर म्हणाले. "होडी बुडत होती म्हणतात."

टीव्हीवर गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकत होती. जितेशला सगळं एकदम समजलं.

"संपवलात? माझा गेम? आणि घेतलंत ना त्याला होडीत? मला ठाऊकच व्हतं. धाकटा म्हटला की तुम्ही पाघळणार!"

"नाय घेतला," आबा म्हणाले.

"काय?"

"दोर सोडला. ऱ्हायला तो पाण्यात."

जितेश खाली बसला. गेम हातचा गेला होता, पण दोन वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून घ्यावं तसं त्याला वाटलं.

"बरोबर केलंत आबा. शेवटी तुम्हाला पण पटलं."

"मला कुठं? मी हात द्यायच्या बेतात व्हतो. बटण कळंना, तुझा फोन लागंना. मंग अक्षयला लावला."

नूतन जागीच थांबली. डॉक्टर उगाचच पट्ट्याची गुंडाळी सोडून पुन्हा करू लागले.

"पयल्या रिंगला उचललान," आबा म्हणाले. "सगळं नीट इचारून घेतलान. थोरला कुठं उभा हाय, आई कशी गेली, धाकट्याला उशीर का झाला. मंग म्हणला, आबा, गोल बटण दाबा. दोर सोडा. दादा हेच करंल."

"आणि?"

"आणि काय? दाबलं."

 पडद्यावरची नावं संपली आणि नवीन गोष्ट सुरू करायची का, असा प्रश्न आला. जितेश त्याच्याकडे बघत राहिला.

"परत पयल्यापासून खेळतो," तो अखेर म्हणाला. "या वेळेला घेतो त्याला."

आबांनी रिमोट त्याच्या हातात दिला.

"घे," ते म्हणाले. "तिथं तरी घे."