बिशप क्रॅनशॉ यांचा उजवा हात

कळपासाठी मेंढपाळाला त्याग करावा लागतो, आणि सर्वांत मोठा त्याग म्हणजे कळपापासून दूर राहणे. आफ्रिकेतल्या न्यासा सरोवराकाठचे बिशप एथेलबर्ट क्रॅनशॉ यांनी हा त्याग एकवीस वर्षे केला. पैकी नऊ वर्षे ते इंग्लंडात रजेवर होते, चार जहाजावर, पाच डोंगरावरच्या थंड बंगल्यात ताप उतरण्याची वाट पाहत, आणि उरलेली तीन पुढच्या रजेच्या तयारीत. (बेरीज चुकली असल्यास दोष सांगणाऱ्याचा.)

दरम्यान धर्मप्रांताचा गाडा ओबादिया म्सुकु नावाचे डीकन, म्हणजे पाळकाच्या एक पायरी खालचे सेवक, ओढत. बाप्तिस्मे, मयती, शाळा, चर्चचे गळके छप्पर, सगळे त्यांच्याकडे. फक्त प्रभुभोजनाची भाकर पवित्र करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तो पाळकाचा, आणि बिशपांनी डोक्यावर हात ठेवल्याखेरीज पाळक होता येत नाही. गावाने अकरा ईस्टर त्या भाकरीवाचून कोरडे काढले.

बिशपांची ना नव्हती. आधी ग्रीक शिका म्हणाले. डीकन ग्रीक शिकले. मग बूट घाला म्हणाले, घातले. मग म्हणाले, "अजून पिकू दे, मुला." मुलाला तेव्हा सहा नातवंडे होती.

"पिकलेलं फळ झाडावर ठेवतात ते वटवाघळांसाठी," डीकनांची बायको फेलेसिया म्हणाली. तिला घाई होती. तिचा आंधळा बाप अंथरुणाला खिळला होता.

"जावईबापू, ती भाकर खाल्ल्याशिवाय मी काही जात नाही," तो रोज बजावी.

"मग नका जाऊ, मामा," डीकन म्हणत.

अखेर बिशप निवृत्त झाले. बोट सुटायच्या वेळी धक्क्यावर फोटो काढायचे ठरले. तेवढ्यात त्यांच्या बुटाची नाडी सुटली. डीकन गुडघ्यांवर बसून ती बांधू लागले. बिशपांनी तोल सावरायला उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. फोटो निघाला. किनाऱ्यावरच्या चारशे माणसांनी डोळ्यांनी पाहिले: बिशप उभे, डीकन गुडघ्यांवर, डोक्यावर हात. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. तो आपल्या विरहाचा, असे समजून बिशपांनी गहिवरून टोपी हलवली.

रविवारी वेदीवर भाकर नि पेला मांडलेला.

"अगं, ती नाडी होती," डीकन कुजबुजले.

"हात होता की नव्हता?"

"होता, पण—"

"अकरा वर्षं हा 'पण'च खातोय आम्ही. बाबा वाट बघतायत."

डीकनांनी भाकर उचलली. म्हाताऱ्याने आपला तुकडा चघळला, "मीठ कमी आहे," म्हणाला, आणि मंगळवारी समाधानाने गेला.

रीतसर चौकशी झाली. बिशपांनी इंग्लंडहून लेखी कळवले: हात माझाच, हेतू नाडीचा. निकाल लागला: भाकर ही भाकरच होती, मयताचे प्रभुभोजन रद्द. (मयताला तसे कळवण्याचे काम डीकनांकडे सोपवण्यात आले.) डीकनांना आणखी सात वर्षे पिकण्यासाठी ठेवले.

बिशपांच्या आठवणींच्या पुस्तकात तो फोटो आहे. खाली छापले आहे: 'लेखक, एका स्थानिकासह.' साधे नावसुद्धा नाही म्हणून तुम्हाला संताप येईल. यायलाच हवा. फक्त आता वर न बघता सांगा: काय होते त्यांचे नाव?