आधी सायकल उलटी करा

तुम्ही कधी इस्लामपुरात आमच्या गल्लीत सायकलवरून आलात, तर तयारीनं या. कोपऱ्यावरच्या घराच्या पायरीवर सर्जेराव आण्णा बसलेले असतील. ते तुम्हाला रामराम घालणार नाहीत, कुणाकडं आलात म्हणून विचारणार नाहीत. ते उठतील, तुमच्या हातातली सायकल काढून घेतील आणि सरळ उलटी करतील. हँडलला पिशवी असेल तर पिशवीसकट. माझा दातांचा दवाखाना त्यांच्या शेजारीच आहे. एकदा दाढ काढायला आलेल्या एका गृहस्थांची डझनभर अंडी त्या पिशवीत होती. ते बिचारे सुजलेला गाल धरून बघत राहिले, कारण त्यांना तोंड उघडून ओरडताही येत नव्हतं.

दोन पायडलांच्या मधे, फ्रेमच्या तळाला, एक नंबर कोरलेला असतो. त्यावर कैक वर्षांचं ग्रीस आणि चिखल बसलेला असतो. आण्णा खिशातून टूथब्रश काढतात (तो माझ्याच दवाखान्यातून नेलेला असतो), रॉकेलमध्ये बुडवून घासतात, चष्मा कपाळावर चढवून नंबर वाचतात आणि मग सायकलचं वय सांगतात. "नंबर म्हंजे जन्माचा दाखला, डॉक्टर. फ्रेम खोटं बोलत न्हाई. माणसं बोलत्यात."

वय सांगून झालं की तपासणी. रिम कुठली, हब कुठला, ब्रेक मूळचे की मागाहून बसवलेले. प्रत्येक भागाला बोट लावून एकच शब्द, अस्सल किंवा भेसळ. आण्णांची सगळी नोकरी दूध संकलन केंद्रावर गेली. रोज सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधात काचेची नळी बुडवून पाणी किती ते बघायचं. निवृत्त झाल्यावर दूध सुटलं, संशय राहिला. तो सगळा सायकलींवर निघाला.

त्यांच्या या वेडापायी आम्ही काय काय भोगलं ते आम्हालाच ठाऊक. चुलत पुतणीच्या सोयरिकीला आण्णा शिराळ्याकडं गेले होते. बाकीचे पाहुणे मुलाचं शिक्षण, जमीन, नोकरी विचारत होते आणि आण्णा गोठ्यात, मुलाच्या आजोबांची सायकल उलटी करून बसलेले. बैठक ठरायच्या बेतात आली तेव्हा हात पुसत आत आले आणि म्हणाले, "मागची रिम भेसळ हाय, पण लपवून ठेवलेली न्हाई. इचारल्यावर खरं सांगितलं त्येंनी. पोरगी द्या." दिली. सुखात आहे.

हायवेला पेठ नाक्याजवळ एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर जुनी सायकल टांगली आहे. खाली पाटी, 'आमच्या पणजोबांची सायकल'. मी आण्णांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, तिथं जेवायला नेलं, ही माझीच चूक. ऑर्डर द्यायच्या आत आण्णा शेजारच्या टेबलाच्या खुर्चीवर चढले. त्या टेबलावरच्या कुटुंबानं आपापली ताटं हातात घेतली. नंबर वाचून आण्णांनी वरूनच मालकाला हाक मारली, "आवं, ही तर माझ्या लग्नानंतर जन्मलीया. तुमचं पणजोबा हिच्यावर बसलं आसतील तर वरनं परत आलं आसतील."

मालक सभ्य माणूस होता. त्यानं विचारलं, मग पाटीवर काय लिहू?

"आमच्या बापाची, म्हणून लिवा. बाप काय कमी हाय व्हय?"

काकू मान खाली घालून पापड मोडत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "आवं डॉक्टर, लग्नात माझ्या बापाची सायकल पण उलटी केलीती ह्येंनी. मंडपात."

इतकं सगळं असून आण्णांच्या स्वतःच्या दारात सायकल नाही. कधीच नव्हती. ते सगळीकडं चालत जातात. आणि दुसरी एक गोष्ट मला उगाच खटकायची. कुंडलला त्यांचे थोरले भाऊ राहतात, त्यांना सगळे दादा म्हणतात. आण्णा दर जत्रेला तिथं जातात, दारात उभ्यानं पाणी पितात आणि परत येतात. भांडण नाही, वाटणीचा वाद नाही. काकू सांगतात, लग्न झाल्यापासून त्यांनी आपल्या नवऱ्याला त्या घरात बसलेलं पाहिलेलं नाही.

आता माझं सांगतो. आम्ही काही डॉक्टर मंडळी सकाळी घट्ट चड्ड्या घालून सायकली पळवतो. माझ्या नव्या सायकलवर आण्णांनी टिचकी मारून पाहिली होती आणि "बादली हाय" एवढंच म्हणाले होते. ते मनाला लागलं होतं. म्हणून सांगलीत एका जुन्या वकिलांच्या घरी माळ्यावर विलायती शर्यतीची सायकल पडून आहे असं कळल्यावर मी धावत गेलो. बारीक नळ्यांची फ्रेम, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. वकील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा नातू म्हणाला, आजोबांनी एकदा कुठल्याशा जत्रेतून परत आणली, दुरुस्त करून घेतली, पण त्यानंतर कुणाला चालवायला दिली नाही.

रविवारी सकाळी मी ती ऐटीत आण्णांच्या पायरीला टेकवली. आज तरी तोंडून 'अस्सल' निघणार अशी माझी खात्री होती. आण्णांनी उलटी केली, ब्रश चालवला, चष्मा वर केला. आणि नंबर वाचून तिथंच जमिनीवर बसले.

मी म्हटलं, "किती सालची?"

त्यांचा हात पायडलाच्या दांड्यावर फिरत होता. हा दांडा मधल्या कण्याला पकडून ठेवायला एक लहानशी लोखंडी खुंटी असते, तिला कॉटर म्हणतात. ती तुटली तर पायडल मोकळं होतं आणि जोरात असलेला माणूस तोंडावर आपटतो. या सायकलला त्या जागी विलायती कॉटर नव्हतं. घासून घासून बारीक केलेला एक ओबडधोबड बोल्ट होता. मला वाटलं, आता भेसळ म्हणून ओरडतील.

"ह्यो मी बसवलाय," आण्णा म्हणाले.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. दादा तेव्हा आख्ख्या तालुक्यात सायकल पळवण्यात पुढं. त्याच वर्षी सैन्याच्या भरतीतही निवडला गेला होता, फक्त बोलावणं यायचं होतं. गावच्या जत्रेतल्या शर्यतीसाठी सांगलीच्या त्या वकिलांनी हौसेनं आपली सायकल दिली. आदल्या दिवशी बघतात तर कॉटर झिजलेलं. तसलं कॉटर कुंडलात कुठून मिळणार? धाकट्या सर्जेरावानं गुऱ्हाळाच्या चरकाचा एक बोल्ट काढला, दिवसभर कानशीनं घासला आणि ठोकून बसवला. फॉर्ममध्ये सायकलचा नंबर भरायचा होता, तोही त्यानंच पालथं पडून वाचला. तेव्हापासून तो पाठ होता.

शर्यतीत ओढ्याच्या उतारावर दादा पडला. गुडघ्याचा चुरा झाला. मागून जीपमधून येणाऱ्या वकिलांनी त्याला उचलून मिरजेला नेलं, सायकलही जीपमध्येच टाकली. आण्णा शर्यत संपायच्या जागी गुलाल घेऊन उभे होते. त्यांनी पडलेला भाऊ पाहिला नाही की सायकल पाहिली नाही. भरतीचं बोलावणं आलं तेव्हा दादाचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"आमचा म्हातारा एकदाच बोलला. म्हणाला, गुऱ्हाळाचा बोल्ट लावलास आन् पोराचा पाय घालवलास. परत कवा बोलला न्हाई." आण्णा बोल्टवरून बोट काढत नव्हते. "दादाला इचारायचं धाडस झालं न्हाई. व्हय म्हणला आसता तर काय करायचं हुतं मी?"

म्हणजे गल्लीत येणारी प्रत्येक सायकल हा माणूस वय सांगायला उलटी करत नव्हता. तो एकच नंबर शोधत होता. आणि मी इतकी वर्षं दुरून हसत होतो.

"पण आण्णा," मी म्हटलं, "बोल्ट तर जागेवर आहे."

"तेच बघतुय मगापासनं. हललेला बी न्हाई." मग ते उठले, सायकल सरळ केली, पुढच्या चाकाकडं वळले आणि एकदम खाली वाकले. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर त्यांनी नख फिरवलं, रंग पाहिला, फ्रेमचा रंग पाहिला. "चिमटा भेसळ हाय, डॉक्टर. फ्रेमच्या मागनं लय वर्षांनी झालेला हाय ह्यो." त्यांनी परत एकदा नख फिरवून पाहिलं. "पण कुणी बी, कवा बी बदलला आसंल. त्येवढ्यावरनं काय म्हणायचं?"

"मग विचारा की ज्याला माहीत आहे त्याला."

काकूंनी तोवर चपला आणून ठेवल्याच होत्या.

सायकल गाडीवर बांधून आम्ही तिघांनी कुंडल गाठलं. दादा गोठ्यापुढं बाजेवर बसून वैरणीच्या पेंढ्या सोडत होते. आण्णा नेहमीसारखे दारातच उभे राहिले. मी सायकल दादांसमोर नेली. दादांनी ती एका नजरेत ओळखली.

"सर्ज्या, ही कुठं घावली रं?"

आण्णांनी आयुष्यभर लोकांच्या दुधाला आणि सायकलींना तोंडावर नाव ठेवलं. त्या दिवशी त्यांना एक वाक्य जमेना. शेवटी म्हणाले, "दादा, बोल्ट तुटला हुता का?"

"कसला बोल्ट?"

"मी बसवलेला. गुऱ्हाळाचा."

"त्येला काय धाड भरलीया? चिमटा मोडला की. आधीच जोडलेला हुता त्यो. मी उताराला आन् माझ्या हातात नुसतं हँडल. चाक गेलं पुढं निघून. वकील लय रडलं दवाखान्यात." दादा सायकलकडून भावाकडं बघायला लागले. "तू ह्ये आत्ता इचारतुयास व्हय?"

"मला वाटलं..."

"आन् मला वाटलं, शर्यत घालवली म्हणून तू रुसलास. गुलाल घिऊन उभा हुतास म्हणं. तवापासनं घरात टेकत न्हाईस. मी म्हटलं, आसंल बाबा राग, धाकटा हाय, निवंल कवातरी."

मग दादांनी बाजेवरच्या पेंढ्या बाजूला सारल्या आणि धोतर वर करून आपला गुडघा दाखवला. गेल्या वर्षी मिरजेला बदलून घेतला होता, व्रण अजून ताजा होता.

"बघ. ह्यो बी भेसळच हाय आता. पण पळतुय झकास. बस हितं."

आण्णा बसले. आधी बाजेच्या कडेला, मग जरा आत सरकून. काकू डोळ्याला पदर लावून चहा टाकायला म्हणून आत गेल्या. मी विषय हलका करायला म्हणालो की पुण्यात ओळखीचा एक माणूस आहे, त्याच्याकडं या सायकलची मूळ विलायती कॉटरं मिळतील, दोन्ही पायडलांची बदलून टाकू.

आण्णांचा एक हात भावाच्या गुडघ्यावर होता. दुसऱ्या हातानं त्यांनी सायकल माझ्यापासून थोडी लांब ओढली.

"बोल्टाला हात लावायचा न्हाई, डॉक्टर," ते म्हणाले. "अस्सल हाय त्यो."