शिडी माळ्यावर गेली!

"या पायांनी चाळीस वर्षं शिड्या चढल्यात! माझी कसली परीक्षा घेता? खुशाल घ्या!" असं म्हणून उस्तादांनी पांढऱ्याशुभ्र मिशीवर हात फिरवला आणि तिथेच ते फसले.

उस्ताद म्हणजे रंगारी. वय अडुसष्ट. परवा स्वतःच्याच घराचं छत रंगवताना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ते असे काही डुलले, की खाली उभ्या बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. सून पडली नर्स! तिने फर्मान काढलं, "बाबा, डोळे मिटून एका पायावर दहा सेकंद. जमलं तर शिडी तुमची. नाहीतर ती माळ्यावर!"

आणि माळ्यावर चढायला शिडी लागते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. इकडे उस्तादांचा जीव टांगणीला लागला. शिडी गेली तर रंगारी म्हणून उरलं काय?

त्यांनी न्हाणीघरात गुपचूप सराव केला. डोळे उघडे असेपर्यंत सगळं झकास. मिटले मात्र, आणि न्हाणीघरच फिरायला लागलं! टॉवेलची दांडी धरली, तर ती भिंतीतून उपटून हातात आली.

"अहो, काय पडलं?"

"साबण!"

"एवढा जड?"

संध्याकाळी बैठकीत परीक्षा. जागा उस्तादांनीच निवडली. भिंतीकडे पाठ, हात मागे बांधलेले, काय तो रुबाब! मागच्या मागे एक पंजा हळूच भिंतीला टेकवला आणि डोळे मिटून पाय उचलला. सून घड्याळाकडे बघत मोजू लागली.

"...नऊ, दहा!"

"थांबतेस कशाला? मोज पुढे!"

पंचवीसला त्यांनी मेहेरबानी केल्यासारखा पाय खाली ठेवला. "बघितलंत? आणा माझी शिडी!" आणि ऐटीत मिशीवर हात फिरवला.

बायको बघतच राहिली. "अहो, मिशी हिरवी कशी झाली?"

ती भिंत दुपारी उस्तादांनीच रंगवली होती. "ओली आहे, कुणी हात लावाल तर याद राखा!" असं तेव्हापासून घर डोक्यावर घेऊन ओरडतही तेच होते. आता तिच्यावर पाची बोटं उमटली होती, अगदी अंगठ्यासकट.

हसू दाबत सुनेने नवऱ्याला हाक मारली आणि शिडी माळ्यावर गेली.

भिंतीवरचा डाग मात्र उस्तादांनी स्वतःच बुजवला. तो कमरेइतक्याच उंचीवर होता.