अध्यक्षांच्या हस्ते कांदा

भैरवी मॅडम कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा गॅस थंड होता, मोड आलेली मटकी पिशवीतच होती आणि पाचही विद्यार्थी खुर्च्या गोल मांडून बैठकीला बसले होते.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. प्राचार्य सयाजीरावांनी त्यांना सरळच सांगितलं होतं, "पोरांना एकत्र काम करायला शिकवून दाखवा, मग तुमच्या कायम नोकरीचं बघू." म्हणून मॅडमनी ही कार्यशाळा काढली होती. पाच जणांनी मिळून मिसळ करायची, मॅडमनी बोटही लावायचं नाही आणि एक वाजता प्राचार्यांनी येऊन खायची. सोपं होतं. निदान कागदावर तरी.

"अरे, अजून गॅससुद्धा पेटवला नाही?"

"अध्यक्ष ठरल्याबिगर पेटवायचा कुणी, मॅडम?" विश्वजितने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

पोरांचंही बरोबरच होतं म्हणा. तालमी-मंडळांच्या गल्लीत वाढलेली ती पोरं. चार माणसं जमली की आधी समिती, मग काम, हे त्यांच्या रक्तातच होतं. विश्वजित अध्यक्ष, धैर्यशील कार्याध्यक्ष, राजवीर उपाध्यक्ष, स्वप्नाली खजिनदार असं ठरत आलं होतं. उरली मोना.

"नुस्ती सदस्य? मी न्हाय!" मोना उठून उभी राहिली. शेवटी तिला 'आधारस्तंभ' केलं, तेव्हा ती बसली.

आता काम सुरू होईल म्हणून मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पण राजवीर आधी कोपऱ्यावरच्या दुकानात पळाला आणि अर्ध्या तासाने डिजिटल फलक छापून घेऊन आला. 'मिसळ समितीतर्फे प्राचार्यांचे हार्दिक स्वागत.' खाली पाच फोटो. पण विश्वजितचा फोटो ताटाएवढा आणि धैर्यशीलचा वाटीएवढा.

"माझ्या फोटोत गॉगलबी दिसंना झालाय!" धैर्यशील भडकला. "मी राजीनामा देतो."

त्याने राजीनामा दिला, सोबत मोनाला फोडलं आणि जाताना मटकीची पिशवी उचलली. स्वयंपाकघराच्या एका टोकाला मटकी, दुसऱ्या टोकाला पातेलं आणि मसाला. बारा वाजून गेले होते.

"काहीतरी तोडगा काढा रे!" मॅडम रडकुंडीला आल्या.

पोरांनी डोक्याला डोकं लावलं आणि तोडगा निघाला. दोन्ही गटांना चालेल असा एकच अध्यक्ष होता.

"मॅडम, तुमीच! बिनविरोध!" टाळ्या वाजल्या. स्वप्नालीने दारापुढच्या कुंडीतलं जास्वंदीचं फूल तोडून आणून मॅडमना दिलंसुद्धा.

"बरं बरं. आता अध्यक्ष सांगतायत, कांदा चिरा."

"आमी? अवो, पैला कांदा अध्यक्षांच्याच हस्ते!" विश्वजितने अदबीने सुरी पुढे केली.

मॅडमनी कांदा चिरला. फोटो निघाला. मग दोन्ही गट एकजुटीने फलक दारावर बांधायला गेले, ते डावीकडून बांधायचा की उजवीकडून यावर तिथेच अडकले. इकडे घड्याळ पळत होतं. मॅडमनी दुसरा कांदा घेतला, मग तिसरा. मटकी शिजत टाकली. अधूनमधून कुणीतरी डोकावायचं, "फोडणी अध्यक्षांच्या हस्ते!" म्हणायचं, फोटो काढायचं आणि फलकाकडे पळायचं. कट उकळायला लागला तेव्हा मॅडमच्या साडीवर तर्रीचे डाग होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

बरोबर एकला प्राचार्य आले. फलक पाहून खूश झाले, मिसळ खाऊन घाम पुसत आणखी खूश झाले. दुसऱ्यांदा कट मागून घेतला.

"झकास! कुणी केली रे?"

"आमी सगळ्यांनी, सर!"

पाच तोंडं, पण आवाज एक. सकाळपासून त्या पोरांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

मॅडमनी बोलायला तोंड उघडलं, त्यांना कायम नोकरी आठवली, आणि त्यांनी ते मिटलं.

"डोळ्यात पाणी आलं व्हय मॅडम?" प्राचार्य हळवे झाले. "येणारच. शिक्षकाला अशा वेळी भरून येतं. तुमची नोकरी पक्की समजा!"

मॅडमना खरंच भरून आलं. इतक्या वर्षांची धाकधूक एका वाटीत मिटली होती.

"आता एक करा," प्राचार्य हात धुता धुता म्हणाले, "आमच्या स्टाफमधी कुणाचं कुणाशी पटत न्हाय. पुढच्या शनिवारी त्यांची बी अशीच कार्यशाळा घ्या."

"मिसळीचीच, सर?" मॅडमनी क्षीण आवाजात विचारलं.

"छ्या! एवढी शिकलेली माणसं, त्यास्नी मिसळ?" प्राचार्य म्हणाले. "तांबडा-पांढरा रस्सा ठेवा की!"