खुर्चीची खांदशेकणी

शेजारच्या श्यामरावांचं एक वागणं मला मुळीच खपत नाही. माझ्या तेजरामची चाकांची खुर्ची दिसली, की हे गृहस्थ न विचारता मागून धरतात आणि ढकलत सुटतात. वर ‘बिचारा!’ म्हणतात. तेजराम निघालेला असतो पानठेल्यावर. हे त्याला देवळासमोर नेऊन उभा करतात.

भट्टीच्या बांधकामावर परांचीवरून पाय घसरला, मणका मोडला, तेजरामचे पाय गेले. पहिली खुर्ची मिळाली ती बारक्या चाकांची. कोणी ढकलली तर हलायची. तीत तो भिंतीकडे बघत बसायचा. मग त्याच्या वेल्डर दोस्तांनी सायकलची चाकं लावून ही दुसरी केली. हाताने फिरवायला चाकांना बाहेरून लोखंडी कडी. त्या दिवसापासून पोरगा घरी सापडेल तर शपथ!

आता त्याला त्याच बांधकामाच्या स्टोअरमध्ये अवजारं वाटायचं काम मिळत होतं. तिथल्या बाबाराव साहेबांची अट एकच, एकटा येऊन दाखव. रोज सोडायला माणूस लागत असेल, तर काम नाही. आणि बोलावलं नेमकं पोळ्याच्या दिवशी.

गावाकडे आदल्या सांजेला खांदशेकणी असते. बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळतात, कानात सांगतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” इथे कामगारांच्या कॅम्पात बैल कुठून आणू? आमच्या घरी राबणारी ती खुर्चीच. मी चाकांची कडी चोळली. मागच्या दोन मुठी, म्हणजे तिचे खांदे, त्या तर सढळ हाताने चोळल्या. आवतनही दिलं.

सकाळी तेजराम ओरडला, “माय, हे काय करून ठेवलं वो? हात सरकून राहिले!”

“पोळा हाय. आज तिले जुपू नको.”

“तिले उद्या सुटी दे. मले आज काम पाह्यजे.”

त्याने कडी पुसली. मुठी पुसल्या नाहीत. त्या त्याच्या कामाच्याच नव्हत्या.

तो निघाला. मीही निघाले, पण लांबून. आई आहे मी, ढकलणारी नाही. स्टोअरच्या उतारावर श्यामराव उगवलेच.

“अरे तेजराम! एकटा कावून जाऊन राहिला? मी आहे नं!”

“श्यामरावजी, हात नका लावू. आज तं बिलकुलच नका लावू!”

“संकोच कायचा, बाप्पा!” म्हणत त्यांनी मुठी धरल्या आणि अंगातला सगळा जोर लावला.

मुठी सटकल्या. श्यामराव चिखलात पालथे. खुर्ची धक्का खाऊन उतारावर सुसाट.

“धरा! धरा! बिचारा गेला!” चिखलातून आवाज आला.

बिचाऱ्याने गळ्यातला दुपट्टा ओढला, दोन टोकं दोन हातांत घेतली आणि दोन्ही कड्यांवर दाबून धरली. वाटेत बसलेल्या म्हशीला वळसा घातला आणि फाटकापाशी, चहा पीत उभ्या असलेल्या बाबारावांसमोर येऊन थांबला. चहा सांडला नाही.

मागून श्यामराव आले. लंगडत, एका पायात चप्पल.

“एकटा ये म्हटलं होतं,” बाबाराव म्हणाले.

“एकटाच आलो, साहेब.”

“मग हे कोण?”

“शेजारी आहेत. माह्या मागं येऊन राहिले होते. पडले जरासे.”

बाबारावांनी दोघांना न्याहाळलं. बसलेला कोरडा ठणठणीत, उभा असलेला चिखलाने भरलेला, एका पायावर.

“उद्यापासून ये कामावर,” ते तेजरामला म्हणाले. “आणि आता यांना घरी पोचवून दे.”

श्यामराव खुर्चीच्या हाताला धरून लंगडत आले, तेजरामच्या चालीने. सारा कॅम्प बघत होता. मी त्यांना खाटेवर बसवलं. घोटा सुजून भोपळा झाला होता. उरलेल्या हळद-लोण्याची वाटी मी घेतली. मुठींचा विषय काढला नाही. त्यात काढण्यासारखं काही नव्हतंच.

“श्यामराव,” मी म्हटलं, “आमी बैलाच्या खांद्याले बी हात लावाच्या आधी त्याच्या कानात सांगतो. तुमी तं माणसाले इचारत बी नाही! आता सांगा, तुमच्या पायाले हात लावू का? पाहा, असं इचारा लागते.”