चौथी मिनर्वा

किसनराव ड्रेसर कुणाच्याही घरी गेले की बूड टेकायच्या आधी विचारायचे, "देवघर कुठं हाय?"

घरची बाई खूश. एवढा भाविक माणूस हल्ली मिळतो कुठे! मग किसनराव देव्हाऱ्यापुढे मांडी घालत, खिशातून भिंग काढत आणि चांदीचे टाक एकेक उचलून उलटसुलट बघत. खंडोबा बघत, भवानी बघत, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने केलेले टाक बघत. शेवटी सुस्कारा सोडून म्हणत, "न्हाई. ह्यात आमची बाई न्हाई." आणि चहाकडे वळत. हात जोडताना मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं.

ते कुरुंद्यात जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते आणि मी शाळेत मास्तर. आमच्या खोल्यांमध्ये एक भिंत, तीही छतापर्यंत न गेलेली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली वेगळी व्हायला अजून काही वर्षं होती. किसनराव एकटेच. ते अंगावर पीत असतानाच आई गेली, मग मामाच्या गोठ्यात वाढले. त्यामुळे माणसांपेक्षा म्हशींशी बोलताना ते जास्त मोकळे असत.

ते ज्या बाईला शोधत होते ती मिनर्वा, रोमच्या एका बादशहाची लाडकी देवी. या बादशहाने चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला स्वतःचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला ही बाई छापली होती, चार तऱ्हांनी. जुन्या काळी रोमची नाणी व्यापाऱ्यांबरोबर आपल्या मुलखात आली. त्यातलं एक जवळा बाजारच्या सोनाराकडे, वितळायला काढलेल्या चांदीत किसनरावांना दिसलं आणि माणूस कामातून गेला.

वसमतच्या वाचनालयातून त्यांनी एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन दोन वर्षं वाचलं. पुस्तकाचा मागचा भाग वाळवीने खाल्लेला होता. म्हणून किसनरावांचं रोम याच बादशहापाशी संपत असे. मी विचारायचो, "मग पुढं काय झालं हो रोमचं?" ते शांतपणे सांगायचे, "पुढं वाळवी."

पण हाती लागलेला बादशहा त्यांनी पुरता अंगात भिनवला होता. बादशहा संशयी, मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून त्याने भिंतींना चकचकीत दगड लावलेले. किसनरावांनी सायकलला दोन्हीकडे आरसे लावले. बादशहा म्हणे एकटाच बसून टोकदार काडीने माश्या टोचायचा. रविवारी दुपारी आमचे किसनराव ओट्यावर दाभण घेऊन बसत. आपल्याकडे रिकामटेकडा माणूस माश्या मारतो, पण तो बादशाही थाटात मारताना मी एवढा एकच पाहिला.

दहा वर्षांत तीन मिनर्वा जमल्या. एक सोनाराकडची. दुसरी पुण्याच्या एका नाणेवाल्याकडून, तीन महिने खानावळ बंद ठेवून, नुसत्या भाकरी-ठेच्यावर. तिसरी एका तांड्यावर अडलेली गाय मोकळी केली तेव्हा तिथल्या म्हातारीने गळ्यातल्या माळेतून काढून दिली. सुताराकडून चार खळग्यांची सागवानी डबी करून घेतली होती. चौथा खळगा रिकामा. चौथ्या नाण्यावर बाई गलबताच्या टोकावर उभी असते, हातात भाला, पायाशी घुबड.

ही चौथी बाई सापडली आमच्याच गावात. गिरजाआजीच्या म्हशीची कास सुजली होती. त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून शेपूट धरायला मला नेलेलं. म्हशीचं झालं, आणि किसनरावांनी सवयीने विचारलं, "आजी, देवघर कुठं हाय?"

पाचच मिनिटांत आतून हाक आली, "गुरुजी! पळा!"

मला वाटलं विंचू चावला. किसनराव देव्हाऱ्यापुढे घामाघूम होऊन बसलेले. तळहातावर हळदी-कुंकवाचा एक थर, आणि थराखाली मिनर्वा.

"आजी, ही मिनर्वा हाय," ते कसेबसे म्हणाले.

"असंल तुमची कोणी," गिरजाआजी म्हणाली. "आमची तर सासू हाय."

मग तिने सगळी हकिगत सांगितली. सासू वारली त्याच साली शेत नांगरताना फाळाला लागून ही वर आली. "सोनाराकडं टाक करायला जायाची गरजच पडली न्हाई, लेकरा. सासू आपली आपणच घरी आली. जित्ती होती तवाबी अशीच, न सांगता यायची."

"पण आजी, हिच्या हातात भाला हाय."

"काठी हाय ती. माह्या पाठीला ठावं हाय."

"हे पायाशी घुबड."

"घरात घुबड काहून ठेवतील? कोंबडी हाय. सासूनं कोंबड्या पाळल्या होत्या."

"अन् हे गलबत?"

"वटा हाय आमचा. वट्यावर उभी राहून समद्या गल्लीला शिव्या घालायची."

आजी बोलत होती आणि मी नाण्याकडे बघत होतो. खोटं कशाला सांगू, मलाही कोंबडीच दिसायला लागली होती.

किसनरावांना खरा धक्का पुढेच बसला. दर सणाला आजी सासूला चिंच आणि राख लावून खसाखसा घासत होती. पंचवीस-तीस वर्षं. बाईचं नाक गेलं होतं, घुबडाचा एक डोळा गेला होता. असं चाललं तर आणखी दहा-बारा दिवाळ्यांत चांदीची नुसती टिकली उरली असती. किसनराव रात्रभर तळमळले, ते मला भिंतीवरून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सौदा सुरू झाला. आधी जाडजूड नवा टाक देऊ केला. मग म्हशीला जन्मभर घरपोच औषधपाणी. शेवटी आपल्या तीनपैकी एक मिनर्वाच पुढे केली. आजीने ती निरखून पाहिली आणि परत दिली. "एक सासू निभावली तेवढं बास झालं. दुसरी कशाला घरात घेऊ?"

हरून त्यांनी शेवटचा डाव टाकला. "निदान घासू नका. सणाला मीच येऊन साफ करून देत जाईन."

"ये की, लेकरा," आजी म्हणाली. "माहेबी हात दुखतेत."

मग दर सणाला किसनराव दवाखान्यातला कापूस आणि उकळून गार केलेलं पाणी घेऊन आजीकडे जाऊ लागले. तासभर सासूला आंघोळ. त्यांनी हळदी-कुंकू पुसायचं आणि पाठ वळताच आजीने पुन्हा बोट टेकवायचं. कुंकू लावलेलं नाणं त्यांना चिखलात लोळलेल्या म्हशीसारखं दिसे. यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण, मग पुरणपोळी. पुढे पुढे सण नसतानाही सासू मळू लागली. दर अमावस्येला, मग दर बाजाराच्या दिवशी. मी एकदा म्हटलं, "किसनराव, कालच तर धुतली." ते म्हणाले, "धूळ लई बसून राहिली, गुरुजी," आणि सायकलवर टांग मारली.

असं आठ-नऊ वर्षं चाललं. मधे जिल्हा हिंगोली झाला. दुसरी म्हैस आली. आजी वाकली, सासू मात्र कापसामुळे आहे तेवढी राहिली.

एका उन्हाळ्यात, शेतांत हळद शिजवायची चुलवाणं पेटलेली असताना, गिरजाआजी गेली. तेराव्यानंतर तिचा पुतण्या किसनरावांच्या दारात आला. पिवळ्या पडलेल्या फडक्याची पुरचुंडी पुढे करून म्हणाला, "काकू सांगून गेली, सासूची सेवा आता ड्रेसरनंच करावी. आमच्या घरात कोणाचा हात हलका न्हाई म्हणे."

किसनरावांनी पुरचुंडी दोन्ही हातांत घेतली आणि दार लावून घेतलं.

मला त्यांच्यासाठी आनंद झाला, तो मी लपवत नाही. वीसेक वर्षांची खटपट पुरी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा किलो पेढे घेऊन मी गेलो. "दाखवा डबी!"

त्यांनी डबी उघडली. तीन मिनर्वा. चौथा खळगा रिकामा.

मी खोलीत नजर फिरवली. कोनाड्यात जिथे दाढीचं सामान असायचं, तिथे लाल कापड अंथरलं होतं. त्यावर ते नाणं. नाण्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट.

"किसनराव, अहो मिनर्वा..."

"ती न्हाई ही." त्यांनी डबी मिटली. "आजी हाय. मला लेकरू म्हणणारी ती एकलीच भेटली, गुरुजी."

"पण सासू?"

"दोघी राहतील आता. निभवून घेतील."

मी भिंग उचललं आणि उगाचच म्हणालो, "पण पायाशी घुबड आहे ना हो. गलबतही स्पष्ट दिसतंय."

किसनरावांनी माझ्या हातातून भिंग अलगद काढून घेतलं.

"कोंबडी हाय ती," ते म्हणाले. "अन् हा वटा."

एक पेढा त्यांनी कोनाड्यात ठेवला आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्यादेखत हात जोडले. मग टोपी घातली, सायकलचे आरसे पुसले आणि जवळा बाजारला निघाले. सोनाराकडे मोडीची चांदी आली होती म्हणे, आणि चौथी बाई अजून सापडायची होती.